पोरसाचें उत्तर आणि ग्रीक ग्रंथकार

इतिहासांत कांहीं वाक्यें अशीं असतात कीं, प्रसंग विसरला तरी वाक्य राहतें. झेलमच्या तीरावर जखमी होऊन शिकंदरापुढें उभ्या राहिलेल्या पोरस राजाचें उत्तर हें त्यांपैकीं एक होय. तुला कसें वागवूं असें जेत्यानें विचारावें आणि राजासारखें वागवावें असें जितानें सांगावें, ही गोष्ट ज्यानें शाळेंत ऐकली नाहीं असा सुशिक्षित मनुष्य आमच्या माहितींत नाहीं. पाठ्यपुस्तकांनीं ती पाठ करून घेतली, नाटकांनीं ती रंगविली, आणि १९४१ सालीं सोहराब मोदी यांनीं स्वतः पोरसाची भूमिका करून ‘सिकंदर’ हा बोलपट काढला तेव्हां शाळेंत न गेलेल्यांच्याही घरीं ती पोंचली. आम्हीं स्वतः ती तीस वर्षें वर्गांत शिकविली आहे, आणि त्या ठिकाणीं आमचा आवाज नेहमींपेक्षां जरा चढत असे, हेंही कबूल केलें पाहिजे.

कांहीं वर्षांपूर्वीं तास संपतां संपतां मागल्या बांकावरील एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, पोरस हें कोणत्या भाषेंत बोलला?” वर्ग हंसला, आम्हीही हंसलों. घरीं परततांना मात्र आमचें हंसूं ओसरलें. इतकीं वर्षें ज्या उत्तराचा अभिमान बाळगला तें कोणीं ऐकलें, कोणीं लिहून ठेवलें आणि कोणाच्या तोंडून तें आमच्यापर्यंत आलें, याचा विचार आम्हीं कधींच केला नव्हता. मॅक्रिंडल यांनीं १८९३ सालीं शिकंदराच्या हिंदुस्थानावरील स्वारीसंबंधींचे ग्रीक व लॅटिन उतारे इंग्रजींत एकत्र प्रसिद्ध केले, तें पुस्तक आम्हीं कपाटांतून काढलें. आणि पुढें, आमचें ग्रीक तोकडें असलें तरी, मूळ संहिता व भाषांतर समोरासमोर ठेवून संशयाच्या जागा ताडून पाहिल्या. त्या वाचनांत जें दिसलें तें येथें वाचकांपुढें ठेवीत आहों. स्वारीचा इतिहास पुन्हां सांगावा हा आमचा हेतु नाहीं. ज्या ग्रंथांवर तो इतिहास उभा आहे, त्यांची साक्ष कोठें घ्यावी व कोठें घेऊं नये, एवढाच प्रश्न आहे.

शिकंदर इ. स. पूर्वी ३२७ मध्यें हिंदुकुश ओलांडून आला आणि इ. स. पूर्वी ३२५ मध्यें सिंधूचें मुख पाहून मकराणच्या वाळवंटांतून परत गेला. त्याच्याबरोबर असलेल्या अनेकांनीं या स्वारीविषयीं लिहिलें. परंतु त्यांतील एकही ग्रंथ अखंड राहिलेला नाहीं. आज आपल्या हातीं आहेत ते ग्रंथ सुमारें तीनशें ते साडेचारशें वर्षांनंतरचे आहेत. डायोडोरस इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांतील, कर्टियस हा रोमन वक्तृत्वाच्या मुशींतून निघालेला लॅटिन लेखक इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील, त्यानंतर प्लुटार्क, आणि सर्वांत शेवटीं, म्हणजे दुसऱ्या शतकांत, आरियन. गंमत अशी कीं, जो सर्वांत मागाहून आला त्यालाच पंडितांनीं सर्वांत अधिक विश्वसनीय मानिलें आहे.

या मानण्यास कारण आहे. आरियन हा एपिक्टेटस तत्त्ववेत्त्याचा शिष्य आणि हेड्रियन बादशहाच्या अमदानींतला कॅपाडोशियाचा सुभेदार. त्यानें स्वतः सैन्य हलविलें होतें. त्यामुळें त्याच्या लेखणींत लढाई ही लढाईसारखी दिसते, पोवाड्यासारखी नाहीं. आरंभींच तो आपले आधार सांगतो. टॉलेमी व अरिस्टोबुलस हे दोघेही स्वारींत प्रत्यक्ष होते. दोघांनींही शिकंदर मेल्यावर लिहिलें, म्हणून त्यांस भीति नव्हती किंवा लोभही नव्हता. आणि टॉलेमी तर पुढें राजा झाला, तेव्हां खोटें बोलणें त्यास इतरांहून अधिक लाजिरवाणें झालें असतें, असा त्याचा युक्तिवाद आहे.

राजवाड्यांनीं बखरींची जी झाडाझडती घेतली ती वाचून वाढलेल्या मराठी वाचकास हा युक्तिवाद ऐकून हंसूं आल्यावांचून राहणार नाहीं. राजा खोटें बोलत नाहीं! टॉलेमीनें शिकंदराचें शव मिसर देशांत नेलें आणि त्या शवाच्या पुण्याईवर आपल्या घराण्याची गादी उभारली. शिकंदराचा मोठेपणा हें त्याचें भांडवल होतें. असा मनुष्य जेव्हां आपल्या धन्याच्या लढायांचा वृत्तांत लिहितो, तेव्हां त्यास लोभ नव्हता असें म्हणणें हें तत्त्ववेत्त्याच्या शिष्यास शोभतें, इतिहासकारास नव्हे.

तथापि आरियनावर अन्याय होऊं नये. आपल्या आधारांत विरोध आला तर तो झांकून ठेवीत नाहीं. पोरसाचा मुलगा नदीतीरावर किती सैन्य घेऊन आला याविषयीं अरिस्टोबुलस साठ रथ सांगतो, टॉलेमी दोन हजार घोडेस्वार व एकशें वीस रथ सांगतो. आरियन दोन्ही मतें देतो आणि टॉलेमीचें कां पटतें त्याचें कारणही देतो. मालवांच्या नगरांत शिकंदराच्या छातींत बाण घुसला, त्या वेळीं टॉलेमीनें त्यास वांचविलें अशी एक कथा प्रचलित होती. टॉलेमी स्वतःच आपण तेथें नव्हतों असें लिहितो, हें आरियन मुद्दाम सांगतो आणि ती कथा मोडून काढतो. असा लेखक खोटा नव्हे. त्याचा दोष निराळा आहे. तो म्हणजे, ज्या खिडकींतून तो पाहतो ती खिडकी कोणीं बसविली हें विचारण्याचें त्याला सुचत नाहीं.

झेलमच्या लढाईचें त्याचें वर्णन जगांतील उत्तम युद्धवर्णनांत गणलें जावें असें आम्हांस वाटतें, आणि तें वाचतांना आपण कोणत्या बाजूचे आहोंत हें क्षणभर विसरतें, हीच त्याची परीक्षा. पलीकडच्या तीरावर पोरस हत्ती घेऊन उभा. शिकंदर रोज रात्रीं घोडदळ कांठाकांठानें हिंडवितो, गलबला करवितो, जणूं आतां उतरणारच. पोरस प्रत्येक वेळीं हत्ती घेऊन आवाजाच्या दिशेनें जातो, आणि प्रत्येक वेळीं कांहींच होत नाहीं. अखेर तो जाण्याचें सोडतो. एका बाजूनें धान्य सांठवून, हिंवाळ्यापर्यंत आपण थांबणार असा देखावाही शिकंदरानें केलेला असतो. मग एका वादळी रात्रीं, विजा कडाडत असतां, मुख्य छावणीपासून दीडशें स्टेडिया, म्हणजे आपल्या हिशेबानें आठनऊ कोस, दूर असलेल्या एका झाडीच्या बेटाआडून तो नदींत उतरतो. पहाटे सैन्य कांठाला लागतें, रांगा लागतात, आणि तेव्हां कळतें कीं, हा कांठ नव्हे, हें दुसरें बेट आहे. पुढें अजून एक प्रवाह आहे आणि रात्रींच्या पावसानें तो फुगला आहे. माणसें छातीपर्यंत, घोडे मानेपर्यंत पाण्यांत, असे ते पार होतात. कल्पनेनें लिहिणाऱ्याला ही चूक सुचली नसती. हें पाहिलेल्या मनुष्याचें आहे.

हत्तींचेंही तसेंच. कोंडींत सांपडलेले, माहूत पडलेले, जखमांनीं चवताळलेले हत्ती शत्रु व मित्र दोघांसही तुडवितात. आणि शेवटीं थकून, तोंड शत्रूकडेच ठेवून, किंकाळत हळूहळू मागें सरतात, गलबतें उलट वल्हवून मागें घ्यावीं तसे. उपमा समुद्रकांठच्या मनुष्याची, पण दृश्य पंजाबांतलें. आणि या सर्व धांदलींत पोरस आपल्या हत्तीवर अखेरपर्यंत उभा आहे. इराणच्या दारयवहूप्रमाणें तो सर्वांआधीं पळाला नाहीं, हें आरियन स्पष्ट सांगतो. शत्रूकडून आलेली ही साक्ष आम्ही मानतों. कारण ती देण्यांत साक्षीदाराचा विशेष फायदा नव्हता. कोणी म्हणेल कीं, शत्रु शूर दाखविला म्हणजे आपला जय मोठा होतो. खरें आहे, परंतु तसें असतें तर दारयवहूलाही शूर दाखविलें असतें.

आंकड्यांची गोष्ट मात्र वेगळी. पोरसाजवळ हत्ती किती होते? आरियन दोनशें म्हणतो, डायोडोरस एकशें तीस, कर्टियस पंचाऐंशी. पायदळ आरियन व कर्टियस तीस हजार सांगतात, डायोडोरस पन्नास हजार, प्लुटार्क वीस हजार. मेलेल्यांचा हिशेब तर फारच उद्बोधक आहे. आरियनाच्या मतें पोरसाकडील सुमारें वीस हजार पायदळ व तीन हजार स्वार पडले, आणि शिकंदराकडील ऐंशी पायदळ, दहा धनुर्धर स्वार, वीस खासे स्वार व दोनशें इतर स्वार, म्हणजे एकूण तीनशें दहा. डायोडोरस हेंच शिकंदराचें नुकसान हजारावर नेतो. पुढें सांगल शहराच्या वेढ्यांत शत्रूचे सतरा हजार मेले आणि आपले शंभरही नाहींत, असें आरियन लिहितो. पण त्याच ओघांत जखमी मात्र बाराशेंहून अधिक झाले व त्यांत सेनापतीही होते, असें लिहून जातो. हा एक आंकडा सर्व पडदा वर करतो. मेलेल्यांची संख्या राजाच्या दप्तरांत कमी करतां येते. लंगडत चालणारे बाराशें लोक लपवितां येत नाहींत. काळाच्या बाबतींतही असेंच. आरियन एका ठिकाणीं हा ऋतु उन्हाळ्यांतील मोठ्या दिवसानंतरचा, नद्या भरलेल्या, असा सांगतो, आणि दुसऱ्या ठिकाणीं लढाई अथेन्सच्या म्युनिखिओन महिन्यांत, म्हणजे एप्रिल-मेच्या सुमारास, झाली असें लिहितो. पाऊस पाहिलेला आहे, महिना मागाहून घातलेला आहे. पाऊस खरा मानावा.

आतां त्या उत्तराकडे वळूं. आरियन व प्लुटार्क हे दोघे तें उत्तर देतात, आणि दोघांचाही आशय एकच आहे: राजासारखें वागवावें, आणखी कांहीं हवें का, असें विचारल्यावर, त्यांतच सर्व आलें. कर्टियसाचा पोरस असें कांहींच बोलत नाहीं. त्याचा पोरस शिकंदराला उपदेश करतो कीं, दैव किती ठिसूळ असतें याचा अनुभव आज तुला आलाच आहे, त्यावरून काय करावें तें तूंच ठरव. हें रोमन वक्तृत्वशाळेंतील उत्तम विद्यार्थ्याचें उत्तर आहे. त्यास पैकीच्या पैकी गुण द्यावेत, पण रक्तानें निथळणाऱ्या मनुष्याच्या तोंडीं तें शोभत नाहीं. डायोडोरस तर संवादच देत नाहीं. त्याच्या ग्रंथांत पोरस बेशुद्ध होऊन पडतो आणि शिकंदर त्यास उपचारांसाठीं त्याच्याच लोकांच्या स्वाधीन करतो. चार साक्षीदार, एक प्रसंग. दोघांचें एक वाक्य, तिसऱ्याचें दुसरें, चौथा गप्प.

ग्रीक इतिहासलेखनांत पात्रांच्या तोंडीं योग्य तीं भाषणें घालणें हा दोष समजत नसत, हें सर्वांस ठाऊक आहे. बियास नदीच्या कांठीं सैन्य पुढें जाईना, तेव्हां शिकंदरानें व कीनस सेनापतीनें केलेलीं लांब भाषणें आरियनानें दिलीं आहेत. तीं जशींच्या तशीं झालीं असें आज फारसें कोणी मानीत नाहीं. मग त्याच ग्रंथकारानें त्याच प्रकरणांत दिलेलें पोरसाचें एक वाक्य तेवढें अक्षरशः खरें, असें आपण कां मानितों? तें आपल्याला आवडतें म्हणून. याहून दुसरें कारण आम्हांस सांपडलें नाहीं.

आणि त्या वाक्याचें मूळ पाहूं गेलें असतां एक विलक्षण गोष्ट दिसते. प्लुटार्कच्या ग्रीकांत पोरस एकच शब्द उच्चारतो, ‘बासिलिकोस’, राजासारखें. हाच शब्द प्लुटार्कनें त्याच्या आदल्याच प्रकरणांत वापरला आहे, आणि तो जेथें वापरला आहे ती जागा वाचून आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलों. ती जागा म्हणजे मस्सग शहराची कत्तल.

हा प्रसंग आमच्या पाठ्यपुस्तकांत नसतो. म्हणून तो थोडा विस्तारानें सांगतों. झेलमवर येण्यापूर्वीं, आदल्या वर्षीं, शिकंदर स्वात व बाजौर या डोंगराळ प्रदेशांत अश्वकांशीं लढत होता. त्यांच्या मस्सग या नगराच्या रक्षणास मैदानांतून आलेले सात हजार भाडोत्री योद्धे होते. नगर टिकेना, तेव्हां तह झाला. आरियन म्हणतो कीं, त्या योद्ध्यांनीं शिकंदराच्या सैन्यांत सामील व्हावें असें ठरलें. ते बाहेर पडून समोरच्या टेंकडीवर उतरले. परंतु रात्रीं निसटून घरीं जाण्याचा त्यांचा बेत होता, कारण इतर हिंदी लोकांवर शस्त्र उचलण्याची त्यांची इच्छा नव्हती. शिकंदरास हें कळलें, त्यानें रात्रींच टेंकडीस वेढा घातला आणि सर्वांस कापून काढलें. डायोडोरसाच्या हकीकतींत तहाप्रमाणें ते निघून गेले होते. शिकंदरानें मागून गांठून हल्ला केला. तहाची आठवण देतांच त्यानें सांगितलें कीं, नगर सोडून जाऊं देण्याचा तह झाला होता, जन्मभर मैत्री ठेवण्याचा नव्हे. आणि पुरुष पडूं लागले तशा त्यांच्या बायकांनीं शस्त्रें घेऊन लढाई केली. प्लुटार्क थोडक्यांत लिहितो, पण त्याचा निकाल स्पष्ट आहे: शिकंदरानें तह करून वाटेंत त्या लोकांस मारलें, आणि इतर सर्वत्र जो रीतीनें व राजासारखा लढला त्याच्या युद्धकीर्तीवर हा डाग राहिला.

राजासारखा! तोच शब्द. एका प्रकरणांत ग्रंथकार शिकंदराचा राजासारखेपणा डागाळलेला दाखवितो, आणि पुढल्याच प्रकरणांत हिंदी राजा त्याच्याकडे राजासारखें वागणें मागतो. हा योग प्लुटार्कनें जाणून घडविला कीं तो सहज घडला, हें आम्हीं निश्चित करूं शकत नाहीं. परंतु एवढें खचित कीं, हा शब्द ग्रीकांच्या घरच्या वादांतला आहे. खरा राजा कोण, शिकंदर तसा होता कीं नव्हता, हा त्यांच्या तत्त्वज्ञांचा व वक्त्यांचा आवडता विषय. पोरस त्या वादांत साक्षीदार म्हणून उभा केला आहे. आपण त्याच्या उत्तरावर टाळ्या देतों तेव्हां दुसऱ्याच्या सभेंत टाळ्या देत असतों.

आरियनाच्या मस्सगवृत्तांतांत मात्र असें कांहीं आहे कीं, तें त्याला नकळत राहून गेलें. कत्तलीचें समर्थन म्हणून तो कारण देतो कीं, हे लोक आपल्या लोकांवर शस्त्र धरूं इच्छीत नव्हते. आरोप म्हणून मांडलेलें हें वाक्य आमच्या दृष्टीनें पोरसाच्या उत्तराहून शंभर पटींनीं मोलाचें आहे. येथेंही सावधपणा हवा. ‘हिंदी’ हा शब्द ग्रीकांचा. त्या भाडोत्री शिपायांनीं स्वतःस तसें म्हटलें नसेल, आणि त्यांच्या मनांतला बेत मारणाऱ्याच्या तोंडूनच आपल्याला कळतो. परंतु मारणाऱ्यास बहाणाच हवा होता तर ते आपल्यावर उलटणार होते असें सांगणें सोपें होतें. तसें तो सांगत नाहीं. ते घरीं जाणार होते, असें सांगतो.

आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तरही या ग्रीक ग्रंथांतच आहे. तक्षशिलेजवळ शिकंदरानें ओनेसिक्रिटस यास तेथील दिगंबर तपस्व्यांकडे पाठविलें. त्यांतल्या वृद्धानें त्यास सांगितलें तें स्ट्रॅबोनें नोंदविलें आहे: आपलें बोलणें तीन दुभाष्यांच्या तोंडून जात आहे, आणि त्या दुभाष्यांना भाषेपलीकडे इतर गांवकऱ्यांहून अधिक कांहीं कळत नाहीं, तेव्हां आपल्याकडून तत्त्वज्ञानाची अपेक्षा करणें म्हणजे चिखलांतून स्वच्छ पाणी वाहण्याची अपेक्षा करणें आहे. ही एक तक्रार वगळली तर त्या संवादांतील बाकीचें सर्व ग्रीक तत्त्वज्ञानासारखेंच ऐकूं येतें, आणि त्यांत नवल नाहीं. ओनेसिक्रिटस हा स्वतः डायोजिनीसच्या पंथाचा होता. पण चिखलाची ही तक्रार त्यानें रचली असेल असें वाटत नाहीं, कारण ती त्याच्याच ग्रंथाची किंमत कमी करते. तीन दुभाषे जर शांत बसलेल्या तपस्व्याला लागले, तर तहानेनें व्याकुळ झालेल्या, उजव्या खांद्यास घाव लागलेल्या, त्याच दिवशीं दोन मुलगे गमावलेल्या राजाच्या तोंडचा एकच शब्द किती चिखलांतून आला असेल?

त्या दिवशींची एक कृति मात्र दुभाष्यावांचून आलेली आहे, आणि पाठ्यपुस्तकांनीं तीच नेमकी गाळली आहे. पोरस हत्तीवरून मागें फिरूं लागला, तेव्हां शरण ये म्हणून सांगण्यास शिकंदरानें प्रथम तक्षशिलेच्या आंभीस पाठविलें. आंभी हा पोरसाचा जुना वैरी, आणि शिकंदराला आपण होऊन मिळालेला. त्याला जवळ आलेला पाहतांच पोरसानें वळून भाला उचलला. आंभी वेळीं घोडा फिरवून निसटला म्हणून वांचला. त्यानंतर एकामागून एक माणसें पाठविलीं, आणि शेवटीं पोरसाचा जुना स्नेही मेरोस गेला, तेव्हां कोठें तो थांबला, खालीं उतरला, पाणी प्यायला आणि मला घेऊन चला म्हणाला. भाल्याला भाषांतर लागत नाहीं. ब्रिटिश म्यूझियममध्यें १८८७ सालीं आलेलें एक मोठें रुप्याचें नाणें आहे. शिकंदराच्या काळांतलेंच तें मानतात. त्यावर घोडेस्वार भाला घेऊन पाठमोऱ्या हत्तीवर चाल करीत आहे, आणि हत्तीवरील दोघांपैकीं एकजण मागें वळून प्रतिकार करीत आहे. तो घोडेस्वार शिकंदर असावा असें बहुतेक मानतात. तो आंभी असावा असें कांहीं पंडितांनीं सुचविलें आहे. कोणीही असो, जेत्यानें पाडलेल्या नाण्यावरही हत्तीवरचा मनुष्य पाठ फिरवून बसलेला नाहीं.

या विषयावर आमच्याकडे दोन टोंकांचे वाचक आहेत. एका वर्गाला व्हिन्सेंट स्मिथच्या १९०४ सालच्या इतिहासानें घडविलें. त्या पुस्तकांत या स्वारीस दोन संपूर्ण प्रकरणें आहेत, आणि शेवटीं हिंदुस्थानावर या सर्वांचा कांहीं टिकाऊ परिणाम झाला नाहीं अशी त्याचीच कबुली आहे. दुसरा वर्ग म्हणतो कीं, झेलमवर पोरसच जिंकला. यासाठीं इथिओपियांतील एका शिकंदर-आख्यानाचा दाखला देण्यांत येतो. हें आख्यान घटनेनंतर हजाराहून अधिक वर्षांनीं त्या भाषेंत उतरलेलें. आणि ज्या अद्भुत कथेच्या कुळांतलें तें आहे, त्या कथेच्या ग्रीक रूपांत तर शिकंदर पोरसाला द्वंद्वयुद्धांत ठार करतो. ज्यांस हें आख्यान प्रमाण वाटतें त्यांनीं तेंही प्रमाण मानावें. टॉलेमीवर अविश्वास दाखवून अशा कहाण्यांवर विश्वास ठेवणें म्हणजे सावकाराच्या वहीवर शंका घेऊन ज्योतिषाकडून हिशेब करून घेणें होय. जिंकलेल्या पोरसास राज्य परत मिळून वर मुलूख कां मिळाला, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. परंतु त्याचें उत्तर सोपें आहे. बियासवरून मागें फिरलेल्या सैन्याच्या बळावर तो प्रदेश राखणें शक्य नव्हतें. म्हणून सात राष्ट्रें व दोन हजारांहून अधिक गांवें शिकंदरानें पोरसाच्या हातीं दिलीं. हें औदार्य एका बाणेदार उत्तरानें मिळविलेलें नव्हे. शिपायांच्या थकव्यानें तें मिळालें.

आमच्याकडील ग्रंथ या स्वारीविषयीं मौन पाळतात, याचें दुःख करणारे पुष्कळ आहेत. मौन पूर्ण नाहीं, एवढेंच आम्ही म्हणूं. मालव व क्षुद्रक यांनीं एकत्र येऊन लढण्याचें ठरविलें होतें, पण ते एकत्र येण्यापूर्वींच शिकंदर निर्जल प्रदेश ओलांडून मालवांवर कोसळला. त्याला बाण लागला त्या नगरांत त्याच्या शिपायांनीं बायका-मुलेंही सोडलीं नाहींत, हें आरियन लिहितो. आमच्याकडे पाणिनीय परंपरेंत या दोन गणांच्या संयुक्त सेनेसाठीं ‘क्षौद्रकमालवी’ असें खास रूप सांगितलें आहे, आणि पतंजलीच्या महाभाष्यांत क्षुद्रकांनीं एकट्यांनींच विजय मिळविल्याचें उदाहरण येतें. तो विजय कोणावर हें भाष्यकार सांगत नाहींत. तो शिकंदरावरचाच असें ठरवून टाकणारे उतावळे होत. परंतु इतिहासकारानें जें राखलें नाहीं तें वैयाकरणानें एका प्रत्ययासाठीं राखून ठेवलें, हें खरें. आमच्या एका संस्कृतज्ञ स्नेह्यांना ही गोष्ट सांगितली तेव्हां ते म्हणाले, “प्रत्यय चुकूं नये म्हणून आठवण ठेवली, पराभव चुकूं नये म्हणून ठेवली असती तर?” यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

पोरसाचें पुढें काय झालें, हें वर्गांत कधीं कोणी विचारलें नाहीं, आणि आम्हींही सांगितलें नाहीं. ती हकीकत डायोडोरसाच्या ग्रंथांत पुष्कळ पुढें, निराळ्याच संदर्भांत, एका ओळींत येते. शिकंदर इ. स. पूर्वी ३२३ मध्यें बाबिलोन येथें मेला, आणि त्याचे सेनापती इराणांत आपसांत लढूं लागले. इ. स. पूर्वी ३१७ च्या सुमारास युडेमस नांवाचा मॅसिडोनियन अधिकारी हिंदुस्थानांतून एकशें वीस हत्ती घेऊन त्यांतल्या एका पक्षास येऊन मिळाला. हे हत्ती त्यास कोठून मिळाले तें डायोडोरस जातां जातां सांगतो: शिकंदराच्या मृत्यूनंतर त्यानें पोरस राजाला दग्यानें ठार मारलें होतें. ते हत्ती पुढें इराणांतील दोन मोठ्या लढायांत उभे राहिले. त्यांचा पक्ष हरला, आणि जिंकलेल्या अँटिगोनसनें युडेमसाचाही वध केला. यापुढील तासाला आम्ही तें उत्तर शिकवूं तेव्हां ही ओळही फळ्यावर लिहूं, असें ठरविलें आहे.